बेताबाहेरचा दिवस

परदेशच्या प्रवासाची वर्णने लिहिणारे लेखक बहुधा घरून निघतानाच लिहिण्याच्या तयारीने निघतात. कोणते नगर किती दिवस पाहावयाचे, कोणत्या वस्तुसंग्रहालयास कोणता वार राखून ठेवावयाचा, हे सारे आधी टिपून ठेवलेले असते. मग प्रवास म्हणजे त्या टिपणावर खुणा करीत जाणे एवढेच उरते. अशा वर्णनांचा मी जुना वाचक आहे आणि त्यांची अवज्ञा करण्याचा माझा हेतू नाही. परंतु ज्या दिवसाविषयी मी लिहिणार आहे तो आमच्या कोणत्याच टिपणात नव्हता. तो आम्हांस एका बिघडलेल्या विमानाने दिला.

२०२४ सालच्या जानेवारीत आम्ही पाच माणसे मेलबर्नहून मुंबईस येत होतो. मी, सौ., आमचे चिरंजीव, सूनबाई आणि दहा वर्षांची नात. पुतणीचे लग्न चार दिवसांवर आले होते. वाटेत बँकॉक येथे विमान बदलावयाचे होते. त्यास दोन तासांचा अवधी होता. ते नगर आम्ही विमानतळाच्या काचेतून पाहावयाचे आणि पुढे निघावयाचे, एवढाच आमचा आणि त्याचा संबंध ठरलेला होता.

येथे नातीविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. तिचा जन्म मेलबर्नचा. मराठी तिला सारे समजते, उत्तर मात्र इंग्रजीत येते. (तिची वाक्ये पुढे मी मराठीतच देतो, वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये.) मी मॅट्रिक झालेला आणि पाठशाळेत काही वर्षे संस्कृत घोकलेला मास्तर, तीस वर्षांहून अधिक काळ मुलांकडून रूपे म्हणवून घेतली. तेव्हा चार महिन्यांच्या मुक्कामात स्वस्थ बसणे मला शक्यच नव्हते. रोज दिवेलागणीनंतर मी तिला मुळाक्षरे व बाराखडी शिकविली. अक्षरे तिने सुबक गिरविली. परंतु एका अक्षरापाशी आमचे गाडे अडले. ते अक्षर म्हणजे ळ. तिच्या जिभेस ते वळेना. कमळाचे 'कमल' होई, बाळाचे 'बाल' होई. मी जीभ टाळूकडे वळवून दाखवी, ती हसे, आणि पुन्हा 'कमल'च म्हणे. "आजोबा, ल आहे ना? मग हा आणखी एक कशाला?" असे तिने एकदा विचारले. दुसऱ्या एका संध्याकाळी याहून अवघड प्रश्न आला. "संस्कृत कोणीच बोलत नाही, तर तुम्ही ते इतकी वर्षे शिकवलंत कशाला?" प्रश्नात कुचेष्टा नव्हती. असती तर उत्तर देणे सोपे गेले असते.

असो. बँकॉकला पहाटे उतरलो तो फलकावर आमच्या पुढील विमानापुढे तांबडी अक्षरे. ते विमान दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होते. विमान कंपनीच्या माणसांनी हात जोडून क्षमा मागितली आणि जेवणाची कुपने वाटली. सौ.ने पहिला प्रश्न केला तो शाकाहाराचा. मेजापाठीमागच्या मुलीने क्षणभर विचार करून, खात्री करून घेण्यासाठी म्हणून, एक शब्द उच्चारला : "मंगसविरत?" सौ. माझ्याकडे पाहू लागली. मी त्या मुलीस तो शब्द आणखी दोनदा म्हणावयास लावला. मांसविरती! आपण 'शाकाहार' म्हणतो, म्हणजे काय खातो ते सांगतो. हे लोक कशापासून विरत झालो ते सांगतात. व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्यांचा शब्द अधिक नेमका आहे, असे माझे मत मी तेथल्या तेथे सांगितले. रात्रभर न झोपलेल्या चिरंजीवांनी ते ऐकून घेतले.

बाहेर पडण्याची कल्पना सूनबाईची. १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीय प्रवाशांस थायलंडमध्ये व्हिसावाचून तीस दिवस राहण्याची मोकळीक मिळालेली होती; ती बातमी तिने वाचली होती. "बाबा, खोलीत झोपून दिवस काढण्यापेक्षा शहर पाहू," ती म्हणाली. चिरंजीवांनी लग्नघरी कळविले, सामान ठेवण्याची व्यवस्था केली आणि आम्ही निघालो. निघण्यापूर्वी तेथील प्रचंड क्षीरसागरमंथन पाहून घेतले. प्रवाशांच्या वाटेवरच ते उभे केले आहे. वासुकीच्या एका अंगास देव, दुसऱ्या अंगास असुर, मध्ये मंदराचल आणि वर विष्णू. त्या विमानतळाचे नावही सुवर्णभूमी. २००६ साली तो सुरू झाला. मात्र तेथे कोणास 'सुवर्णभूमी' म्हणून विचाराल तर समोरचा गोंधळेल. ते म्हणतात 'सुवन्नफूम'.

विमानतळाखालूनच शहरात जाणारी आगगाडी सुटते. गाडीत दर दोन-तीन मिनिटांनी एक मंजूळ आवाज पुढील स्थानकाचे नाव सांगे आणि प्रत्येक वेळी आरंभी एक शब्द येई : 'सथानी'. तिसऱ्या खेपेस नातीने मान वर केली. "आजोबा, स्थान?" मी म्हटले, त्याच कुळातला. तेथपासून आमच्या दिवसाचे रूप पालटले.

गाडीत बसल्या बसल्या मी तिला जे थोडे ठाऊक होते ते सांगितले. थाई लोकांच्या मुखात आपल्या वर्गातील तिसरे अक्षर बहुधा दुसरे होते : ग चा ख, द चा थ. म्हणून गुरूचा 'ख्रू' झाला, देवाचा 'थेप' झाला. भूमीतील भ चा फ झाला. शब्दाच्या शेवटी र आला की तो न होतो, नगराचे 'नखॉन'. आचार्याचे 'आचान', आणि तेथे गंमत अशी की लिहिताना ते शेवटचा यकारही लिहितात, उच्चारीत मात्र नाहीत, आणि तो उच्चारू नये हे कळावे म्हणून त्याच्या डोक्यावर एक लहानशी खूण करतात. त्या खुणेचे नाव 'थंथखात'. म्हणजे दंडघात! अक्षरास छडी मारून गप्प बसविणे. मास्तरकीच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसास याहून समर्पक पारिभाषिक शब्द कोठे सापडणार?

मक्कसन येथे उतरून आम्ही भुयारी गाडीच्या 'फेच्चबुरी' स्थानकावर गेलो. त्यातील 'बुरी' म्हणजे पुरी हे नातीने आपण होऊन सांगितले. भुयारी गाडीने 'सनाम चाय' येथे वर आलो. समोरच वाट फो हे बुद्धमंदिर. त्यातील पहुडलेल्या बुद्धाची सोन्याने मढविलेली मूर्ती ४६ मीटर लांब आहे. एका दृष्टिक्षेपात ती मावतच नाही, खांबांच्या फटींतून तुकड्यातुकड्याने पाहावी लागते. तळपायांवर शिंपल्यांच्या नक्षीत १०८ मंगलचिन्हे आहेत आणि भिंतीलगत नाणी टाकण्यासाठी १०८ पात्रे मांडली आहेत. सौ.ने नाण्यांची वाटी घेऊन एकेका पात्रात एकेक नाणे टाकले. त्या नादाने तिला जपाची आठवण झाली असावी, कारण तोंडाने काहीतरी चालू होते. कोणत्या देवाचे नाव, हे मी विचारले नाही.

तेथून राजवाडा व त्यातील वाट फ्र काएव हे मंदिर जवळच. प्रत्येक परदेशी माणसास ५०० बाट दर पडतो, सौ.ने मनातल्या मनात रुपये केले आणि सुस्कारा सोडला. दारावर चिरंजीवांस अडविण्यात आले, कारण त्यांचे गुडघे उघडे होते. देवळात गुडघे झाकावेत हे मी त्यांस लहानपणी सांगत असे तेव्हा तो जुनाटपणा होता. आता गणवेशधारी शिपायाने सांगितल्यावर तो नियम झाला. बाहेरच्या दुकानातून हत्तींची चित्रे असलेला एक ढगळ पायजमा घेऊन त्यांनी तो चढविला व दिवसभर मोठ्या शांत मुद्रेने वागविला.

या मंदिराच्या प्राकारातील ओवऱ्यांच्या भिंतींवर संपूर्ण रामकथा रंगविलेली आहे, एकूण १७८ चित्रे. त्यांच्या रामायणास ते 'रामकियेन' म्हणतात. १७८२ साली बँकॉक राजधानी वसविणाऱ्या पहिल्या राम राजाने अठराव्या शतकाच्या अखेरीस ते रचवून घेतले. या चक्री घराण्याचा प्रत्येक राजा राम या नावाने मोजला जातो. २०१६ साली गादीवर आलेला राजा हा दहावा राम. रावणास ते 'थोत्सकन' म्हणतात. नातीने बोटे मोडीत नियम लावून पाहिले; थ चा द, मग 'दोत्स', मग... "दश!" दशकंठ. मला वर्गात इतका आनंद क्वचित झाला असेल.

पण खरी खळबळ उडाली ती मारुतीमुळे. सेतुबंधनाच्या चित्रापाशी सूनबाई मोबाइलवर माहिती वाचून दाखवीत होती. लंकेच्या सेतूचे दगड समुद्रातील मासे पळवू लागले. त्यांची राणी सुवर्णमत्स्या, रावणाची कन्या. हनुमान तिला अडविण्यास गेला, दोघांचे प्रेम जमले आणि त्यांस मच्छानू नावाचा पुत्र झाला. सौ. गेली चाळीस वर्षे शनिवारी मारुतीस तेल घालीत आली आहे. ती एकदम थांबली. "अहो, हे काय वाचतेय ही? मारुतीला बायको?" मी म्हटले, येथे एकच नव्हे, आणखीही आहेत. त्यावर तिने त्या चित्राकडे पाठ फिरविली आणि पुढची पाच-सहा चित्रे न पाहताच ओलांडली. मकरध्वजाची कथा आपल्याकडेही आहे, असे मी हळूच म्हणालो. "तो घामाचा थेंब होता," ती म्हणाली. या शास्त्रार्थात मी पुढे गेलो नाही.

जेवणाचे कसे जमले ते थोडक्यात सांगतो. मत्स्यरसावाचून तेथे भाजीस फोडणी पडत नाही म्हटले तरी चालेल. परंतु पिवळ्या पताकेवर तांबडे अक्षर लावलेली दुकाने असतात. ती चिनी बौद्धांच्या निरामिष अन्नाची. असे एक दुकान राजवाड्यामागच्या गल्लीत सापडले. दुकान दाखविणाऱ्या वाटसरूने 'रान आहान' असे म्हटले होते. शेवटच्या न चा र करून नातीने 'आहार' काढला, तोही भात तोंडात असताना. शेवटी नारळाच्या दुधात शिजविलेला चिकट तांदूळ व आंब्याच्या फोडी आल्या. "नारळीभातच हा, वेलची विसरलेला," असा सौ.चा अभिप्राय पडला. परंतु तिने आणखी एक ताट मागविले.

दुपारी तीन चाकांच्या रिक्षाने आम्ही 'साओ चिंग चा' पाहावयास गेलो. तांबड्या रंगाचा उंच सागवानी झोपाळ्याचा सांगाडा भर चौकात उभा आहे. १७८४ साली तो प्रथम उभारला. शिवाच्या स्वागतासाठी ब्राह्मण त्यावर झोके घेत आणि उंच बांबूला बांधलेली नाण्यांची पिशवी दातांनी पकडीत. १९३५ साली ती प्रथा बंद पडली. सध्याच्या सांगाड्याचे उद्घाटन २००७ साली झाले. त्या उत्सवाचे नाव 'त्रियंपवाय', आणि ते तमिळ भक्तिस्तोत्रांच्या नावांवरून आलेले आहे. यावरून हे पुरोहित दक्षिणेकडून आले असावेत, असे अनुमान विद्वान करतात.

चौकासमोरच नगरपालिकेची इमारत असून तेथे बँकॉकचे पूर्ण नाव कोरलेले आहे. 'बँकॉक' हे परकीयांचे. त्यांचे लोक 'क्रुंग थेप' म्हणतात, देवांची नगरी. पूर्ण नाव मात्र जगातील सर्वांत लांब स्थलनामांपैकी एक आहे. चिरंजीवांनी ते मोबाइलवर रोमन लिपीत काढून दिले आणि मी विग्रह करीत गेलो : महानगर, अमर, रत्न, नवरत्न, राजधानी, पुरीरम्य, उत्तमराजनिवेशन, महास्थान, अमरविमान, अवतारस्थित, शक्राने दिलेली, विश्वकर्म्याने सिद्ध केलेली. हे नगराचे नाव आहे की एखाद्या चंपूतील गद्य, असा संभ्रम पडावा!

चिरंजीव भारावून गेले. आयुष्यभर त्यांनी माझ्या संस्कृतास 'स्कोअरिंग विषय' यापलीकडे मान दिला नव्हता. आता ते मुलीस सांगू लागले : "बघ, हे सगळं आपलं आहे. आपण यांना दिलंय." मला ते वाक्य रुचले नाही. एक तर, हे शब्द आपण कोणास नेऊन दिले नाहीत. पुष्कळसे ख्मेर राजसभेच्या वाटेने आले, धर्मग्रंथांतील पालीच्या वाटेने आले. आणि जे आज सर्वांत अधिक कानांवर पडतात ते तर गेल्या शतकात त्यांनी स्वतः घडविले. 'सवत्दी' हा नमस्कार स्वस्तीवरून बनविला आणि त्यांच्या सरकारने १९४३ साली रूढ केला. वान वैथयाकोन नावाच्या राजपुत्राने संस्कृतीसाठी 'वत्थनथम' असा शब्द बनविला, वर्धन आणि धर्म. हे गृहस्थ पुढे १९५६ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्ष झाले. युरोपीय लोक लॅटिनकडे जातात तसे हे लोक संस्कृताकडे गेले, कोणी न सांगता. टेलिफोन आला तेव्हा त्यांनी 'थोरसप' केला, म्हणजे दूरशब्द. आपल्याकडे भाषाशुद्धीच्या काळात 'दूरध्वनी' झाला. तो सरकारी कागदावर राहिला आणि घरात फोन वाजत राहिला. त्यांचा 'थोरसप' मात्र इतका घरचा झाला की बोलण्यात त्याचा नुसता 'थो' उरला. आईस फोन करावयाचा तर ते आईस 'थो' करतात.

हे सर्व मी उन्हात उभा राहून सांगत होतो. चिरंजीव म्हणाले, "पण मूळ आपलंच ना, बाबा?" तेव्हा इतका वेळ झोपाळ्याच्या ओट्यावर पाय चोळीत बसलेली सौ. बोलली. "शेजारणीने आपल्याकडून विरजण नेलं म्हणून तिच्या घरचं दही आपलं होत नाही. दूध तिचं, भांडं तिचं." माझ्या एका तासाच्या व्याख्यानात जे बसले नव्हते ते तिच्या दोन वाक्यांत बसले, आणि वाद मिटला.

जवळच देवस्थान म्हणून राजपुरोहितांचे मंदिर आहे, तेही १७८४ चेच. शिव, गणेश व विष्णू यांची तीन दालने. आम्ही गेलो तेव्हा दारे लावलेली होती. अंगणात शुभ्र वस्त्रातील, केसांची गाठ मागे बांधलेले एक वयस्क गृहस्थ झाडांना पाणी घालीत होते. राज्याभिषेक, नांगरणीचा राजविधी ही कर्मे आजही या पुरोहितांकडे असतात. त्यांच्या प्रमुखाची पदवी 'महाराजगुरु'. मी हात जोडले, त्यांनीही जोडले. बोलण्यास भाषा नव्हती. मी केवळ "शिव" एवढे म्हणून बंद दाराकडे बोट दाखविले. ते हसले, "सिव", म्हणाले आणि पुन्हा झारी उचलली.

ज्या रस्त्यावर हे मंदिर आहे त्याचे नाव 'दिन्सॉ', म्हणजे पेन्सिल. पेन्सिलीच्या नावाचा रस्ता पाहून मास्तर तसाच पुढे कसा जाईल? तेथे वह्या-पेन्सिलींचे एक लहान दुकान होते. भिंतीवर मुलांसाठी छापलेला अक्षरांचा तक्ता. प्रत्येक अक्षराशेजारी चित्र. पहिले अक्षर, शेजारी कोंबडी. बाई काठीने एकेक अक्षर दाखवून म्हणू लागल्या : "कॉ काय, खॉ खाय..." अक्षरे ४४. त्यांपैकी दोन आज कोणत्याही शब्दात लिहिली जात नाहीत, तरी तक्त्यावर आपल्या जागी आहेत. मधून मधून जास्तीची अक्षरे शिरली आहेत. परंतु क्रम आपलाच, कंठापासून ओठापर्यंत. नातीने मेलबर्नला गिरविलेले वर्ग ती या अनोळखी आकृत्यांवरून बोट फिरवीत ओळखू लागली. पवर्ग संपला. य, र, ल, व. मग तीन अक्षरे, तिन्हींचा उच्चार 'स'. मी म्हटले, ही श, ष, स. मग ह. आणि त्याच्या पुढे, जेथे असावे असे मला क्षणभर वाटले आणि खरे वाटले नाही, तेथे ते होते.

"लॉ चुला," बाई म्हणाल्या. शेजारी पतंगाचे चित्र. चुळा, म्हणजे आपली चूडा, शेंडी. चुलालोंगकॉर्न हे त्यांच्या थोर राजाचे नाव याच अक्षराने लिहितात. हा राजा १८७२ साली हिंदुस्थान पाहून गेला होता.

"हा ळ आहे," मी नातीस सांगितले.

तिने बाईंकडे पाहिले. बाईंनी पुन्हा "लॉ" म्हटले. मग नातीस असे हसू लोटले की बाईही हसू लागल्या. "आजोबा, यांनाही म्हणता येत नाही!"

मी हसलो की नाही, मला आठवत नाही. पालीतून आलेला ळ. कोणाच्याही जिभेवर तो तेथे नाही. तरी प्रत्येक मूल तो गिरविते, पतंगाच्या चित्राशेजारी त्यास जागा ठेवलेली आहे, आणि राजाचे नाव त्यावाचून लिहिले तर ते अशुद्ध ठरते. नातीचे मराठी पुढे असेच होणार, हे मला त्या दुकानात लख्ख दिसले : लिहिता येईल, ओळखता येईल, उच्चार मात्र निराळाच. चार महिने मी ज्यास हार समजत होतो त्यास हे लोक परंपरा म्हणतात. यात समाधान मानावे की दुःख, याचा निर्णय मी अद्याप केलेला नाही. पण अक्षरच टाकून द्यावे असे मला त्या दिवसानंतर कधी वाटले नाही, एवढे खरे.

तक्ता आम्ही विकत घेतला. परतीच्या वाटेवर सौ.ने मोगऱ्याची माळ घेतली. तिला तेथे 'मालाय' म्हणतात, ते तिला कोणी सांगावे लागले नाही. पहाटे विमान सुटले, आणि लग्नास आम्ही वेळेवर पोहोचलो.

तो तक्ता आता मेलबर्नला तिच्या मेजासमोर, मी लिहून दिलेल्या देवनागरी तक्त्याशेजारी लावला आहे. दर रविवारी तिचा आम्हांस फोन येतो. बोलणे संपताना ती मराठीत म्हणते, "आजोबा, पुढच्या रविवारी थो करते." कमळ अजून कमलच आहे. मी ते दुरुस्त करतो, ती पुन्हा तसेच म्हणते, आणि मग सौ. माझ्या हातातून फोन घेते.